शब्दांची झडती : आत, गजाआड आणि हर्सूलला

या वेळच्या टपालात तुरुंगाच्या बोलीवरचे प्रश्न इतके आले, की बाकीचे पुढच्या अंकावर ढकलावे लागले. पत्रांतली बोली शक्यतो आली तशीच ठेवली आहे.

प्रश्न (सेलू, जि. परभणी) : तुरंग म्हणजे घोडा आणि तुरुंग म्हणजे कैदखाना. जुन्या काळी घोड्यांच्या पागेतच कैदी बांधून ठेवायचे, म्हणून हे नाव पडलं असं एका गुरुजींनी सांगितलं. खरं आहे का?

नाही. घोड्याचा 'तुरंग' संस्कृतातला, वेगानं जाणारा तो तुरंग. कैदखान्याचा 'तुरुंग' पोर्तुगीजांबरोबर आला. त्यांचा शब्द 'ट्रोंको', म्हणजे झाडाचं खोड. पगार, चावी, घमेलं, बालदी हे शब्दही त्यांच्याकडूनच आले आणि किनाऱ्यावरून घाट चढून थेट बालाघाटापर्यंत पोचले.

खोडाचा कैदखाना कसा झाला, ते समजायला 'खोडा' डोळ्यांसमोर आणावा लागतो. दोन जाड, लांब लाकडं एकावर एक. दोन्हींच्या कडांना समोरासमोर अर्धगोल खाचा. वरचं लाकूड उचलायचं, कैद्याचे घोटे खालच्या खाचांत ठेवायचे, वरचं लाकूड बसवायचं आणि टोकाला कडी घालून कुलूप लावायचं. खाच घोट्याभोवती सैल, पण टाच आणि पाऊल बाहेर निघणार नाही एवढी लहान. ज्या गावात दगडी भिंतींची खोली नाही, रात्रभर जागणारा पहारेकरी नाही, तिथंही एवढ्यावर माणूस अडकून राहायचा. पोर्तुगीजांत खोडावरून या सांगाड्याला 'ट्रोंको' म्हणू लागले, आणि पुढे सांगाडा ज्या खोलीत असे त्या खोलीलाही.

गंमत अशी, की मराठीनं यातली पहिली उडी स्वतःच मारली होती. खोड आणि त्यावरून खोडा. 'कामात खोडा घालणे' हा वाक्प्रचार तिथलाच. खोलीपर्यंतची दुसरी उडी मात्र आपण मारली नाही, तिच्यासाठी परका शब्द घेतला. तो घेणारे आपण एकटेही नाही. मल्याळममध्ये 'तुरुंक्', मलायात 'तेरुंगकू', दक्षिण आफ्रिकेच्या आफ्रिकान्स भाषेत 'ट्रोंक'. जिथं जिथं पोर्तुगीज गलबतं लागली किंवा तिथले लोक पुढे गेले, तिथं तिथं हे खोड रुजलं. तेव्हा घोडा सोडून द्यावा.

प्रश्न (कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर) : आमच्याकडं 'त्याला हर्सूल दाखवा' म्हणतेत. हर्सूलला तळं बी हाय, देवी बी हाय. मग नाव जेलचंच काहून झालं?

कारण मराठवाड्याचं मध्यवर्ती कारागृह तिथं आहे. नांदेड, परभणी, बीड, धाराशिव इथं जिल्हा कारागृहं आहेत, पण तिथं मुख्यतः खटला चालू असलेले लोक असतात. लांब मुदतीची शिक्षा लागली की माणूस मध्यवर्ती कारागृहात हलवतात. त्यामुळे 'परभणीच्या जेलात आहे' आणि 'हर्सूलला गेला' यांत बोलणाराही फरक करतो. पहिल्यात जामिनाची आशा आहे, दुसऱ्यात निकाल लागलेला आहे.

एका मुलखाला एकच मोठा तुरुंग असला की गावाचं नाव शिक्षेचं नाव होतं, हा नियमच दिसतो. पुण्याकडं येरवडा. तिथला तुरुंग १८७१ चा. पण येरवड्यालाच मनोरुग्णालयही आहे, म्हणून 'याला येरवड्याला पाठवा' या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि कोणता घ्यायचा ते बोलणाऱ्याच्या हातवाऱ्यावरून ठरतं. ठाण्याचंही तसंच. तेलंगणाकडं चंचलगुडा. इंग्रजीत 'क्लिंक' म्हणजे तुरुंग. लंडनमधल्या साउथवर्क भागातल्या एका तुरुंगाचंच ते नाव होतं. १७८० च्या दंगलीत तो जळाला, शब्द मात्र राहिला. अमेरिकेत 'अप द रिव्हर' म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला गेला, कारण सिंग सिंग तुरुंग न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला हडसन नदीकाठी आहे.

मराठवाड्यात या नियमाला एक अपवाद आहे, पैठण. तिथं खुलं कारागृह आहे. चांगल्या वर्तणुकीच्या, पळून जाण्याची भीती नसलेल्या सिद्धदोष बंद्यांना तिकडं पाठवतात. शेतीचं काम असतं आणि माफीचे दिवस जास्त पडतात. म्हणून बाहेर 'पैठणला गेला' म्हटलं की नाथषष्ठी आठवते, आणि आत म्हटलं की बढती.

प्रश्न (उदगीर, जि. लातूर) : 'खडी फोडायला गेला', 'चक्की पिसायला गेला' असं म्हणतात. आजही खडी फोडायला लावतात का?

शब्द 'सक्तमजुरी'तून आले. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कारावास दोन प्रकारचा सांगितला होता, एक सश्रम, म्हणजे कष्टाच्या कामासह, आणि दुसरा साधा. नव्या भारतीय न्याय संहितेतही हे दोन्ही आहेत. सक्तमजुरीवाल्याला काम करावंच लागतं. साध्या कैदेवाल्यावर सक्ती नसते, स्वतः मागितलं तर काम मिळू शकतं.

कोणतं काम, हे त्या त्या काळच्या सरकारी गरजेनं ठरलं. क्रशर येण्याआधी रस्त्याची सगळी खडी हातानं फुटायची. या कामाला लागतो एक हातोडा आणि बसायला जागा. शिकवावं लागत नाही, ढीग मोजला की काम मोजलं जातं, आणि सरकारला खडी हवीच असते. तुरुंगाला याहून सोयीचं काम सापडलं नसतं. दळणाचंही तेच. शेकडो माणसांना रोज भाकरी लागते, धान्य आत येतं, दळायचं जातंही आतच असतं. काम दिलं आणि पीठही निघालं. अंदमानात याच हिशेबानं कोलू होता. बैलाच्या जागी माणूस जुंपून खोबऱ्याचं तेल काढायचं, आणि दिवसाला ३० पौंड तेल भरलं नाही तर शिक्षेवर शिक्षा.

आज महाराष्ट्रातल्या मोठ्या कारागृहांत सुतारकाम, हातमाग, यंत्रमाग, बेकरी, धुलाई, शेती ही कामं असतात, आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा दरानं मजुरी खात्यावर जमा होते. 'बेकरीत पाव भाजायला गेला' असं मात्र कुणी म्हणत नाही. शब्द खडीवरच अडला आहे.

एक गोष्ट लक्षात असू द्यावी. खडी फोडणं हा वडार समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा, घामाचा धंदा. मराठवाड्यातले रस्ते आणि धरणं त्यांच्या हातांनी उभी राहिली. ज्यानं काही गुन्हा केला नाही त्याच्या रोजच्या कामालाच आपण शिक्षेचं नाव दिलं आहे. शब्द वापरू नका असं सांगणं आमचं काम नाही, पण समोर कोण बसलं आहे ते बघून वापरावा.

प्रश्न (परळी, जि. बीड) : 'गजाआड'मधला गज कोणता?

हत्ती नव्हे. फारसी 'गझ' म्हणजे लांबी मोजायची काठी, तोच कापडाचा गज. सरळ काठीवरून सरळ सळई, आणि खिडकीच्या सळयांनाही गज म्हणू लागले. वर्तमानपत्रांना हा शब्द फार सोयीचा, कारण 'आरोपी गजाआड' एका कॉलमात बसतं. याच घरातले आणखी दोन. पोलिसांच्या जाळीच्या गाडीला लोक 'पिंजरा' म्हणतात, आणि इंग्रजी 'जेल' शब्दाचं मूळही लॅटिनमधल्या लहान पिंजऱ्याच्या शब्दातच आहे. 'अंडा सेल' मात्र नकाशावरून पडलेलं नाव. अतिसुरक्षित कोठड्यांची ती इमारत वरून पाहिली की अंडाकृती दिसते.

प्रश्न (अंबाजोगाई, जि. बीड) : बातमीत कधी 'पोलीस कोठडी', कधी 'न्यायालयीन कोठडी' असतं. चावडीवर लोक 'पीसीआर', 'एमसीआर' म्हणतात. शिवाय कच्चा कैदी, पक्का कैदी. एकदा नीट उलगडून सांगा.

कोठडी हा कोठीचा धाकटा शब्द, मूळ संस्कृत 'कोष्ठ'. इंग्रजी 'कस्टडी'शी त्याचं नातं नाही. ते लॅटिनमधून आलं आणि त्याचा अर्थ राखण. आवाज जुळला म्हणून भाषांतर चपखल बसलं, पण त्यातूनच घोटाळा झाला. कस्टडी म्हणजे ताबा, कोठडी म्हणजे खोली. त्यामुळे 'न्यायालयीन कोठडी' वाचून कोर्टाच्या इमारतीत एखादी खोली असेल असं अनेकांना वाटतं. तशी नसते. माणूस तुरुंगातच जातो, फक्त ताबा न्यायालयाचा असतो.

क्रम असा. अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढं उभं करावं लागतं. घटनेचं कलम २२ हेच सांगतं. तिथं तपासासाठी पोलिसांनी ताबा मागितला आणि मिळाला, तर तो पीसीआर (पोलीस कस्टडी रिमांड), म्हणजे पोलीस कोठडी. मुक्काम ठाण्याच्या लॉकअपमध्ये, चौकशी चालू. हे दिवस एकूण १५ च्या वर जात नाहीत. पूर्वी ते पहिल्या १५ दिवसांतच संपवावे लागत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यानंही घेता येतात. पोलिसांची गरज संपली की एमसीआर (मॅजिस्ट्रेट कस्टडी रिमांड), म्हणजे न्यायालयीन कोठडी, म्हणजे तुरुंग. म्हणून ज्याला एमसीआर झाला त्याचे घरचे सुटकेचा श्वास टाकतात. बाहेरच्याला हे उलटं वाटतं, पण जामिनाचा अर्ज खऱ्या अर्थानं इथून पुढं चालतो.

गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. इथं एक चूक वारंवार होते. हक्क आपोआप अंमलात येत नाही, अर्ज द्यावा लागतो. मुदत उलटली आणि अर्ज देण्याआधी पोलिसांनी कागद दाखल केले, तर तो हक्क गेला. 'उद्या करू' म्हणणाऱ्यांचं नुकसान इथंच होतं.

खटला संपेपर्यंत माणूस 'कच्चा', सरकारी भाषेत न्यायाधीन बंदी. शिक्षा लागली की 'पक्का', म्हणजे सिद्धदोष बंदी. विटेसारखा शब्द आहे, भट्टीतून निघाल्याशिवाय पक्की नाही. कच्चेपणाचे दिवस वाया जात नाहीत, ते शिक्षेतून वजा होतात. १४ महिने कच्चे काढले आणि ३ वर्षांची शिक्षा लागली, तर उरले २२ महिने. आणि ज्याचा पहिलाच गुन्हा आहे, त्यानं जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश दिवस कच्चे काढले, तर बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. इतरांसाठी निम्मे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना, तसंच एकाहून जास्त खटले चालू असणाऱ्यांना ही सवलत नाही.

निकालाच्या बातमीतली 'दंड न भरल्यास सहा महिने साधी कैद' ही ओळही नीट वाचावी. '७ वर्षे आणि ३ वर्षे, शिक्षा एकत्रित भोगायच्या' याचा हिशेब १० नव्हे, ७. पण दंडाबदलीची कैद त्यात विरघळत नाही. दंड थकला तर ७ वर्षे ६ महिने.

प्रश्न (देगलूर, जि. नांदेड) : आजोबा तुरुंगाला 'कृष्णजन्मस्थान' म्हणायचे. तेलुगू शेजारीही तेच म्हणतात. हा शब्द कोणाचा?

कुणा एकाचा नाही. कंसाच्या बंदिशाळेत कृष्ण जन्मला ही कथा सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे मराठी, तेलुगू, कन्नड तिन्हींत हा शब्द सहज चालतो. देगलूरच्या बाजारात या तिन्ही भाषा एकत्र भेटतात. सत्याग्रहात तुरुंगात जाणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द शोभून दिसला, कारण त्यात लाज नाही, उलट थोडा मान आहे.

बाकीचे विनोदी शब्द पाहुणचाराचे आहेत. सरकारी पाहुणा, सरकारचा जावई, बिनभाड्याची खोली, आणि हिंदीतल्या 'ससुराल'च्या धर्तीवर सासुरवाडी. पोलीस मामा असल्यावर नातेवाईकांची यादी लांबणारच. हे शब्द चालतात, कारण राहणं-खाणं फुकट, आणि निघायची परवानगी मात्र यजमानाची. 'तुरुंगाची हवा खाणे' याच जातीचं. हवा खायला जाणे म्हणजे खरं तर फिरायला जाणे, उलट्या अर्थानं वापरलं. 'जेलवारी' आम्हाला मात्र पटत नाही. वारी माणूस आपणहून करतो.

प्रश्न (हिंगोली) : कायदे बदलले. आता 'चारशेवीस' माणसाला काय म्हणायचं? आणि 'चॅप्टर', 'तडीपार' हे शब्द कायद्यातलेच ना?

फसवणुकीचं कलम ४२० आता ३१८ (४) झालं आहे, खुनाचं ३०२ आता १०३. पण 'तो पक्का तीनशे अठरा आहे' हे जिभेवर बसणार नाही. चारशेवीस आता आकडा राहिला नाही, विशेषण झाला आहे. त्याला राजपत्र लागू होत नाही.

'चॅप्टर केस' हे नाव सरळ फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणावरून पडलं. शांतता राखण्यासाठी आणि चांगल्या वर्तणुकीसाठी हमी घ्यायची, हा त्या प्रकरणाचा विषय. पोलीस अहवाल देतात, कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे तालुक्याला बहुधा तहसीलदार, नोटीस काढतात आणि बंधपत्र घेतात. जुन्या कलम १०७ खाली एक वर्षापर्यंत, ११० खाली तीन वर्षांपर्यंत. निवडणूक आणि गणपती आले की या नोटिसांचा पाऊस पडतो. हमी दिली नाही तर तुरुंग. ज्याच्यावर अशी केस व्हायची तो 'चॅप्टर', आणि त्यावरून कुठलाही बेरकी माणूस चॅप्टर, अशी आमची मांडणी. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हे प्रकरण नववं आहे, कलमं १२६ आणि १२९.

'तडीपार' तुरुंगात नसतोच. तड म्हणजे काठ, तडीपार म्हणजे काठापलीकडं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ५५ ते ५७ खाली एखाद्याला जिल्ह्यातून आणि लगतच्या जिल्ह्यांतून जास्तीत जास्त दोन वर्षं बाहेर काढता येतं. मुदतीत परत आला तर तो वेगळा गुन्हा. 'तडीपार गुंड घरातून ताब्यात' या बातमीत गुन्हा एवढाच असतो, की तो घरी होता.

प्रश्न (वसमत, जि. हिंगोली) : जन्मठेप म्हणजे १४ वर्षं, हे बरोबर का? आणि पॅरोल, फर्लो एकच का?

दोन्हीची उत्तरं नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्येच सांगितलं. १४ चा आकडा आला १९७८ च्या दुरुस्तीतून. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप लागली, तर माफीचे दिवस धरूनही १४ वर्षांच्या आत सोडायचं नाही. ही किमान मर्यादा होती, लोकांनी ती कमाल समजली. २० चा आकडा ऐकला असेल, तर तो शिक्षेचे अपूर्णांक काढण्यापुरता. 'काळं पाणी' मात्र कायद्यातून कधीच गेलं. १ जानेवारी १९५६ पासून समुद्रापार हद्दपारीच्या जागी आजीव कारावास आला.

पॅरोल हा फ्रेंच शब्द, अर्थ दिलेला शब्द, वचन. म्हणून सरकारी मराठीत 'अभिवचन रजा'. ती कारणासाठी मिळते : घरात मृत्यू, गंभीर आजार, लग्न. फर्लो डचांकडून इंग्रजीत आला, अर्थ रजा. मराठीत 'संचित रजा', कारण ती ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर साठत जाते. भाषांतरकाराला संचित-प्रारब्ध सुचलं असावं का, असं वाटून जातं. व्यवहारातला फरक असा, की फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात आणि पॅरोलचे धरले जात नाहीत, तेवढे मागाहून भोगावे लागतात. घरच्यांनी सुटकेची तारीख मोजताना हे विसरलं, की गेटवर जाऊन परत यावं लागतं.

प्रश्न (किनवट, जि. नांदेड) : गावातल्या म्हाताऱ्यांकडून असे शब्द गोळा करतोय. मूळ कसं तपासायचं?

आधी शब्द एकटा लिहू नका, पूर्ण वाक्य लिहा. 'सजा' घ्या. 'सजा काटून आला' यातला सजा फारसी, म्हणजे शिक्षा. 'तलाठी सजा बदलला' यातला सजा म्हणजे तलाठ्याच्या हाताखालची गावं. वाक्याशिवाय दोन्ही चिठ्ठ्या सारख्याच दिसतील. 'मुलाखत'ही तशीच. कैदी म्हणतो 'आज मुलाखत आहे', तेव्हा घरचे भेटायला येणार असतात. अरबीतला भेटीचा मूळ अर्थ तुरुंगानं सांभाळला, बाहेर तो नोकरीकडं गेला.

मग मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती उघडा. तिथं शब्दापुढं संस्कृत, फारसी, अरबी अशा खुणा आहेत. फारसी वाटला तर माधव जूलियनांचा फार्सी-मराठी कोश, बोलीतला वाटला तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. कोशात सापडला नाही तर तो नवा असेल किंवा उर्दूतून आला असेल. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती, त्यामुळे पुण्याच्या कोशात नसलेले शब्द किनवटला सापडणारच. चिठ्ठीवर सांगणाऱ्याचं वय, गाव आणि त्यानं तो शब्द कुठं ऐकला, हे लिहा. कोर्टात, ठाण्यात की आत. नाव लिहू नका, म्हणजे लोक मोकळेपणानं बोलतील.